आतला माणूस

वाळूखालून निघाली ती एकच फळी,
पाच हात लांब, एका टोकाला कुजलेली.
काठाने भोकांची ओळ. दोर नाही.
सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात,
पण इथे आठशे वर्षं समुद्र होता,
त्याने पीळही उलगडून नेला.
भोकं तेवढी त्याला नेता आली नाहीत.

मी मस्कतहून सूरला आले ती भोकं मोजायला.
त्रेसष्ट. अंतर चार बोटं, कुठे साडेतीन.
आतली कड एका अंगाने झिजलेली;
दोर कुठल्या बाजूला ताणला होता
ते लाकडाने जपून ठेवलेलं.

खल्फान बिन सुवैद यांनी माझा नकाशा बघितला नाही.
फळीवर अंगठा फिरवला, सावकाश,
जसा कुणी झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतो.
"दोघं होते," म्हणाले. "एक बाहेर, एक आत.
आतला तरुण. ओढतो फार."

एकट्याने जहाज शिवता येत नाही.
बाहेरचा दोर आत सारतो, आतला ताणून परत देतो,
मध्ये सागवानाची भिंत, एकमेकांचं तोंड दिसत नाही.
दोन टकटक : ओढ.
एक : थांब, खुंटी मारतोय.
त्यांचा आतला माणूस हारिब, मावसभाऊ,
बत्तीस वर्षांपूर्वी दुबईला गेला, ट्रक चालवायला.
खल्फान मग फायबरच्या होडीतून सुरमई धरत राहिले.
हारिब कसा वारला ते मी विचारलं नाही.

काथ्या आला, खाडीत भिजत पडला.
सागाच्या फळ्या आल्या. खिळा एकही नाही.
आतला माणूस मात्र मिळेना.
पोरं यायची, शार्कच्या तेलाचा वास घ्यायची, जायची.
"झुवैना," खल्फान म्हणाले, "तुझे हात बारीक आहेत.
उतर."

फळीवरचं एक्केचाळिसावं भोक ओळीबाहेरचं होतं,
दोन बोटं खाली, लाकूड ठोकून बुजवलेलं.
त्यातून दोर कधी गेलाच नव्हता.
बैठकीत एक तास वाद : हे नव्या जहाजात घ्यायचं का?
संगणक म्हणाला, निरुपयोगी.
खल्फान म्हणाले, घ्यायचं. आणि स्वतः सामता धरला.
चूक मुद्दाम करायची होती;
फार सुबक आली.
ते तिच्याकडे बघत राहिले, नाराज.

पुढच्या आठवड्यात, दुपारी,
आत इतकी उष्णता की घाम डोळ्यांत,
मी टकटक चुकीची ऐकली,
आणि सामता सरळ भलतीकडेच गेला.
बाहेर शांतता.
मग भोकातून एक डोळा दिसला, त्यांचा,
मोतीबिंदूने दुधाळ.
"हं," म्हणाले, "आता झालं बरोबर."
खुंटी ठोकली, तेल पुसलं, पुढचा टाका.
नोंदवहीत मी लिहिलं :
फळी सतरा, डावी बाजू, भोक बारा.
मूळ अवशेषात नाही. माझं.

भरतीला जहाज पाण्यात ढकललं
तेव्हा गाव टाळ्या वाजवत होतं, आणि ते गळत होतं.
गळायचंच. लाकूड पाणी प्यायल्यावर फुगतं,
तोवर उपसायचं. आम्ही उपसत राहिलो,
रात्रभर, दुसऱ्या रात्रीही,
आणि एक मुलगा सारखा विचारत होता, बुडतंय का.
तिसऱ्या पहाटे पाणी घोट्याशी थांबलं.
मी एका फासळीवर खूण केली, खडूने.
तासाभराने बघितलं. खूण कोरडी.

मी बादली टेकवून बसले
तर बाहेरून, छोट्या होडीतून,
तळाजवळ कुठेतरी,
दोन टकटक.

ओढायला काही नव्हतं.
तरी मी दोन्ही पाय फासळीला रोवले
आणि मुठी आवळल्या.